'तुंबाड' पुन्हा पडद्यावर: कणकेची बाहुली आणि सोन्याची भूक

दापोलीतल्या एका पतसंस्थेत सोनेतारणाच्या टेबलावर मी अठरा वर्षं काम करते. सराफ दगडावर कस लावतात, मी वजन लिहून घेते, पावती करते, पाकीट सील होऊन तिजोरीत जातं. जूनमध्ये शाळेच्या फीसाठी आणि शेतीच्या खर्चासाठी दागिने येतात, आणि गणपती जवळ आले की माणसं ते सोडवायला धावतात, कारण गौरीपुढे बाईचा गळा रिकामा नको असतो. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' मी या टेबलावरून उठून पाहिला, हे आधीच सांगते. कारण मला तो सोन्याचा सिनेमा वाटतो. भुताचा नंतर.

१२ ऑक्टोबर २०१८ला तो पहिल्यांदा आला, तेव्हा आमच्याकडे लागलाच नाही. मी तो पुढे मोबाइलवर पाहिला, अर्धा रात्री आणि अर्धा दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत. १३ सप्टेंबर २०२४ला तो पुन्हा थिएटरात आला. आदल्याच दिवशी आमच्या गौरी-गणपतीचं विसर्जन झालं होतं. शनिवारी पुण्याला भाचीकडे गेले आणि आम्ही दोघींनी रात्रीचा खेळ धरला. पुन्हा आल्यावर या सिनेमाने पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई केली. का, ते त्या गर्दीत बसून कळलं. पुढच्या रांगेतल्या पोरांना संवाद पाठ होते, तरी म्हातारी पडद्यावर आली तशी सगळी गप्प झाली.

पुढे मी कथेतली मधली उकल सांगणार आहे, कारण तिच्याशिवाय माझं म्हणणं मांडता येणार नाही. शेवट सांगणार नाही. अजिबात काही कळू नये असं वाटत असेल तर आधी सिनेमा बघा.

गोष्ट १९१८ साली सुरू होते. अखंड पावसात बुडालेलं गाव, एक पडका वाडा, वाड्यात खजिना असल्याची बोलवा. विनायक आणि सदाशिव हे दोघे भाऊ आपल्या आईबरोबर राहतात, आणि घरात साखळ्यांनी बांधलेली एक म्हातारी आहे. ती मरत नाही, तिला भूक लागते, आणि तिला झोपवायचं तर एक वाक्य म्हणावं लागतं: झोप, नाहीतर हस्तर येईल. आई मुलाला घेऊन पुण्याला जाते. १९३३मध्ये तोच विनायक मोठा होऊन सोन्यासाठी परत येतो, आणि १९४७मध्ये त्याचा मुलगा पांडुरंग तेच काम शिकतो.

हस्तर हा देवीचा पहिला मुलगा. त्याने सगळं सोनं घेतलं, पण धान्याला हात घालताना बाकीच्या देवांनी त्याच्यावर हल्ला केला. आईने त्याला परत आपल्या पोटात घेऊन वाचवलं. अट एकच होती, की त्याची पूजा कधीही, कुणीही करायची नाही. वाड्यातल्या घराण्याने ती मोडली आणि गावावर पावसाचा शाप आला. तेव्हापासून हस्तर जमिनीच्या पोटात आहे. कमरेच्या लंगोटात सोन्याची नाणी आहेत, आणि पोटात अन्नाचा कण नाही. माणसाने कणकेची बाहुली करायची, खाली उतरायचं, पिठाचं रिंगण आखायचं, आणि तो बाहुलीवर तुटून पडला की लंगोट ओढून नाणी पाडायची. त्याचा स्पर्श झाला तर मरण येत नाही. भूक राहते आणि शरीर कुजत जातं.

कणकेच्या बाहुलीपाशी मला थांबायचंय.

माझी आजी रात्री कणिक उरली तर तिच्यावर चार बोटं दाबून ठसे उमटवायची. मी लहानपणी विचारलं, तर म्हणाली, गुळगुळीत गोळा ठेवू नये, तो पिंडासारखा दिसतो, भुकेलं कुणी येतं. ही समजूत मी पुढे आमच्या वाडीबाहेरच्या पुष्कळ बायकांकडून ऐकली. दिव्याच्या अवसेला आम्ही कणकेचे दिवे करतो, वाफवतो, ओवाळून झाले की तुपाबरोबर खातो. श्राद्धात पिंड ठेवून कावळ्याची वाट बघतो. मळलेलं पीठ आणि भुकेले पितर यांचं नातं आपल्या हातांना फार आधीपासून माहीत आहे. लेखकाने ते नातं उचललं, एका बाहुलीत घातलं आणि दोरीने विहिरीसारख्या भोकातून खाली सोडलं. मोबाइलवर पाहताना हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गौरीच्या नैवेद्याची उकड काढून तीनच दिवस झाले होते, बोटांना मळण्याची आठवण ताजी होती, आणि पडद्यावर विनायक कणकेला हात-पाय काढत होता. माझ्या पोटात गोळा आला.

अद्भुत लिहिणारा माणूस नवं जग उभं करतो असं म्हणतात. मला उलटं दिसतं. जे अद्भुत अंगावर येतं, त्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू घरातल्या असतात. पीठ, विहीर, दोरी, लंगोट, झोपेचा धाक, म्हातारं माणूस आणि त्याचं खाणं-पिणं. 'बागुलबुवा येईल' हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. इथे लेखकाने फक्त इतकं केलं, की तो खरंच खाली बसलाय असं धरलं, आणि मग त्याची भूक कशाची, त्याला काय मिळालं नाही, तो कशाने फसतो, हे सगळं शिस्तीने ठरवलं. एकदा ठरवल्यावर नियम मोडला नाही. मला या शिस्तीचा फार आदर वाटतो. आमच्या टेबलावर शंभर मिलिग्रॅमचा फरक पडला तरी संध्याकाळी पाकिटं परत उघडतात. या कथेतही तसंच आहे. एक बाहुली, एक खेप, हाताला लागतील तेवढीच नाणी. जास्त हवं असेल तर जास्त पीठ न्यावं लागेल, आणि जास्त पिठाबरोबर काय येईल हे नियमातच लिहिलेलं आहे. तिसऱ्या भागातलं सगळं संकट या एका बेरजेतून निघतं, बाहेरून काहीही आणलेलं नाही.

विनायकाची बाजारातली वागणूकही तशीच नेमकी. तो राघव सावकाराकडे थोडी थोडी नाणी आणतो. राघव म्हणजे दीपक दामले. नाणं हातात घेताना त्यांच्या डोळ्यांत जे येतं, ते मी खूप जवळून पाहिलेलं आहे. सोनं कुठून आलं हे विचारायचं नसतं, पण विचारल्याशिवाय झोपही लागत नाही. विनायक दर वेळी कमी आणतो आणि पुन्हा येतो, म्हणजे मागे साठा आहे, हे ओळखायला सावकाराला हस्तर माहीत असावा लागत नाही. माझ्या लेखी या दोघांचे प्रसंग म्हातारीच्या प्रसंगांइतकेच भीतीचे आहेत. त्यात एकही चमत्कार नाही, आणि चमत्काराचं सगळं ओझं तेच वाहतात. सोहम शाह यांचा विनायक त्यात कुठेही आव आणत नाही. आधी भुकेलेला तरुण, मग घाईतला माणूस, मग सवयीचा गुलाम झालेला बाप, हे तिन्ही टप्पे त्यांच्या चालण्यातही दिसतात.

आता हस्तर या नावाबद्दल. बर्वे यांना ही कल्पना भयकथाकार नारायण धारपांच्या 'आजी' या कथेवरून सुचली, हे त्यांनी सांगितलेलं आहे. १९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने ती त्यांना रात्री ऐकवली. धारपांच्या त्या कथेमागे अमेरिकी भयकथाकार स्टीफन किंग यांची १९८४ची 'ग्रॅमा' ही कथा आहे. एका घरात एकटा मुलगा आणि अंथरुणाला खिळलेली, भलत्याच ताकदीशी नातं जोडून बसलेली आजी. किंग यांच्या कथेत 'हॅस्टर' हे नाव येतं. ते त्यांचंही नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अँब्रोज बिअर्स यांनी ते पहिल्यांदा वापरलं, आणि तेव्हा हॅस्टर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. पुढे रॉबर्ट चेंबर्स आणि लव्हक्राफ्ट यांच्या हातून ते काळं होत गेलं. म्हणजे मेंढपाळाचा देव अमेरिकेतून निघाला, शंभर वर्षं लेखकांच्या हातांतून फिरला आणि कोकणातल्या एका वाड्याखाली लंगोट लावून बसला. धारपांची पुस्तकं मी वाचनालयातून आणून शाळेच्या दप्तरात लपवून वाचली आहेत, म्हणून ही साखळी कळल्यावर मला मनापासून आनंद झाला. परक्या मुलखातलं बी इथल्या मातीत धरलं की ते किती आपलं होतं, याचं इतकं चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

आणि ते आपलं कसं झालं याचं एक कारण माझ्या कानाला सापडलं. लेखकाच्या मनात ते होतं असा माझा दावा नाही. 'हस्तर' म्हटलं की कोकणातल्या माणसाला हस्त नक्षत्र आठवतं. हस्ताचा पाऊस म्हणजे जाता जाता गडगडून कोसळणारा, कापायला आलेलं भात आडवं करणारा पाऊस. ज्या गावात पाऊस थांबतच नाही त्या गावाच्या राक्षसाचं नाव हस्तर. धान्य न मिळालेला हस्तर, आणि हातातोंडाशी आलेलं धान्य पाडणारा हस्त. थिएटरात मी हे भाचीच्या कानात बोलले, तर ती म्हणाली, "मावशी, आता मला भोंडला खेळताना भीती वाटेल."

देवीची कथा पुराणातली आहे असं पुष्कळांना वाटतं. ती सिनेमासाठी रचलेली आहे. तरी ती खोटी वाटत नाही, कारण तिचा साचा जुना आहे. राहूला अमृत मिळालं पण गळ्याखाली उतरलं नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आपण लक्ष्मीला घरात घेतो आणि केरसुणी फिरवून, सूप वाजवून तिच्या थोरल्या बहिणीला, अलक्ष्मीला, बाहेर काढतो. पूजेतून वगळलेलं दैवत आपल्याकडे नवं नाही. गुप्तधनाची गोष्टही नवी नाही. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाला जमिनीतलं धन दिसतं असं आमच्याकडे अजून बोललं जातं, आणि गुप्तधनापायी झालेल्या अघोरी प्रकारांना आळा घालायला महाराष्ट्राला २०१३मध्ये कायदा करावा लागला. त्यामुळे विनायक वाड्यात उतरतो तेव्हा ते मला दूरचं वाटत नाही. अशी माणसं मी पाहिली आहेत. घर गहाण टाकून खणणारीसुद्धा.

पावसाबद्दल न बोलता पुढे जाता येणार नाही. २०१२मध्ये चित्रीकरण सुरू झालं आणि सिनेमा लोकांपुढे यायला सहा वर्षं गेली, कारण त्यांना खरा पाऊस हवा होता आणि ते पावसाळ्यामागून पावसाळे थांबले. फरक कळतो. नळ्यांचा पाऊस माणसावर पडतो. इथला पाऊस दगडात, लाकडात, धोतराच्या काठात मुरलेला आहे. भिंतीला जे शेवाळ आहे त्याचा वास मला खुर्चीत आला. पंकज कुमार यांचं छायाचित्रण, कला दिग्दर्शन आणि ध्वनी, तिन्हींना फिल्मफेअर मिळालं ते योग्यच. खाली उतरल्यावरची जागा सगळी लाल, ओली, मांसाच्या भिंतींची. गर्भ शब्दशः. तिथे आवाज बदलतो, आपलाच श्वास आपल्याला ऐकू येतो.

याच कारणासाठी ज्या थिएटरात आम्ही पाहिला त्याबद्दल तक्रार आहे. दिवे आणि कंदिलांच्या उजेडात टिपलेला सिनेमा मंद पडद्यावर दाखवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. वाड्याच्या आतल्या प्रसंगांत कडेचे चेहरे काळ्यात बुडत होते. मी मध्यंतरात बाहेर जाऊन सांगितलं, मुलगा "बघतो" म्हणाला, काही बदललं नाही. आवाज मात्र चांगला होता. तुम्ही जाल तर उजळ पडद्याची जागा विचारून निवडा, आणि घरी पाहणार असाल तर खोलीत अंधार करून, मोठ्या पडद्यावर, एका बैठकीत पाहा. मोबाइलवर पाहिलेला 'तुंबाड' मी पाहिलाच नव्हता असं आता वाटतं.

जे खटकलं तेही लिहिते, कारण हा सिनेमा मला प्रिय आहे. सुरुवातीलाच आवाजातून देवीची सगळी कथा सांगून टाकली आहे. ती म्हातारीच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी कळली असती तर आपणही विनायकासारखे हावरे झालो असतो. त्याच्याही आधी गांधीजींच्या नावाने हावेबद्दलचं एक वाक्य येतं. ते वाक्य मला नको होतं. पुढचा सगळा सिनेमा तेच दाखवणार आहे, आणि कितीतरी चांगलं दाखवणार आहे.

दुसरं, बायका. ज्योती मालशे यांची आई पहिल्या भागात इतकी जड, थकलेली आणि खरी आहे की ती गेल्यावर जागा रिकामी राहते. अनिता दाते यांच्या वैदेहीला प्रश्न विचारायला दिलेत, उत्तरं मिळवायला वेळ दिलेला नाही. घरात सोनं येतंय आणि ते कुठून येतं हे बायकोला सांगितलं जात नाही, यात एक अख्खा सिनेमा होता. तारण ठेवायला नवऱ्याबरोबर येऊन गप्प उभ्या राहणाऱ्या बायका मी रोज पाहते, म्हणून मला ते जास्त जाणवलं असेल.

तिसरं, भाषा. विनायक, सदाशिव, पांडुरंग, वैदेही, राघव. वाडा, धोतर, पुणं. आणि सगळे हिंदी बोलतात. पैसा कुठून येतो आणि प्रेक्षक किती मिळतो याचा हिशेब मला समजतो. पण कोकणातली आई पोराला झोपवताना हिंदीत धाक घालते तेव्हा माझ्या आत काहीतरी अडतं. ते वाक्य मी दोन्ही वेळा मनातल्या मनात मराठीत करून घेतलं.

नावाचा एक गोंधळही मिटवते, कारण आमच्या शाखेतच तो झाला. तुंबाड हे खरं गाव आहे, खेड तालुक्यात, जगबुडीच्या काठी. श्री. ना. पेंडसे यांची 'तुंबाडचे खोत' १९८७मध्ये दोन खंडांत आली. सिनेमाने त्या कादंबरीकडून नाव घेतलं, कथा नाही. पेंडशांच्या अपेक्षेने गेलात तर चुकाल. तरी वाड्याची श्रीमंती, तिचा माज आणि तिचं कुजणं यांची सावली दोन्हीकडे एकच आहे. १९४९च्या कायद्याने खोती, म्हणजे गावच्या वसुलीचं वतन, गेली आणि असे वाडे आमच्याकडे पडायला लागले. आजही त्यांच्या चौथऱ्यांवर रानजांभळं उगवलेली दिसतात.

म्हातारीचं काम कुणी केलंय हे मला पहिल्यांदा माहीत नव्हतं. मोहम्मद समद या मुलाने, त्यानेच पांडुरंगही केला आहे. रंगभूषेखाली एक कोवळा पोर आहे हे कळल्यावर दुसऱ्यांदा पाहताना मी त्याचे हात शोधत होते. कथेतही हेच आहे, की नातवंडाच्या अंगात तीच भूक उतरते. एकाच नटाकडून दोन्ही टोकं करून घेणं ही मला सिनेमातली सर्वांत शहाणी निवड वाटते. पांडुरंग बापापुढे आपली हुशारी सिद्ध करायला धडपडतो, ते पाहताना भीतीपेक्षा वाईट जास्त वाटतं.

लहान मुलांना नेऊ नका. प्रमाणपत्र प्रौढांचं आहे आणि ते बरोबर आहे.

रविवारी रात्री आईला फोन केला. तिला सगळी गोष्ट सांगितली, अगदी शेवटापर्यंत, कारण ती शेवट ऐकल्याशिवाय कुठलाच सिनेमा बघत नाही. तिने आधी विचारलं, "ही कुठली देवी गं? आपल्याकडे तर नाही." रचलेली आहे म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "त्या देवीला एवढी लेकरं होती ना? मग ज्याने सगळं लुबाडलं त्यालाच का पोटात घेतलं?"

मला उत्तर सुचलं नाही. भावाच्या कर्जासाठी तिने स्वतःच्या पाटल्या ठेवल्या होत्या, माझ्याच टेबलावर, आणि पावतीवर वजन मीच लिहिलं होतं. त्या सुटल्या नाहीत. त्यावर आम्ही दोघी कधी बोललेलो नाही, तेव्हाही बोललो नाही.

तिला बघायचाय म्हणाली. पुढच्या आठवड्यात पितृपक्ष लागतोय, त्याआधी नेते. दुपारचा खेळ बघायला सांगितलंय भाचीला, रात्रीचा नको.